पाळकसाहेबांचा उपदेश उत्तम, पण शब्दावर भरवसा उरलेला नाही: पंचकमिटीने शिफारस करावी का?

छावणीकर (प्रश्न)

सर्वांना सप्रेम सलाम.

मी इंदूरच्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे आणि गेल्या ईस्टरनंतर झालेल्या निवडणुकीत पहिल्यांदाच पंचकमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, निवडून आलो. आमच्या पाळकसाहेबांची मुदत पुढच्या वर्षी संपत आहे. ती वाढवून मिळावी असा ठराव वरिष्ठांकडे पाठवायचा की नाही, यावर येत्या महिन्यात कमिटीला निर्णय घ्यायचा आहे. ठरावाचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून तीन आठवडे झाले तरी मी पहिल्या वाक्याच्या पुढे गेलेलो नाही. ते वाक्य असे आहे: ‘पाळकसाहेबांनी आपल्या कार्यकाळात मंडळीची विश्वासूपणे सेवा केली.’ माझी लेखणी ‘विश्वासूपणे’ या शब्दापाशी अडते.

आधी त्यांच्या बाजूचे सांगतो, कारण ते मी विसरू शकत नाही. माझे वडील शेवटच्या आजारात असताना रात्री दोन वाजता फोन केला तेव्हा हा माणूस पावसात स्कूटर घेऊन आला आणि सकाळपर्यंत त्यांच्या उशाशी बसला. उपदेश असा की हिंदी उपासनेची माणसेसुद्धा महिन्यातून एकदा होणाऱ्या आमच्या मराठी उपासनेला येऊन बसतात. तरुण संघ जवळजवळ बंद पडला होता, तो त्यांनी उभा केला.

आता दुसरी बाजू. वार्षिक अहवालात त्यांनी रविवारच्या हजेरीचा जो आकडा दिला तो आमच्या हजेरीवहीतल्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे. विचारले तर म्हणाले, ‘सणांच्या दिवशी तेवढे लोक येतातच.’ तरुणांच्या पचमढीच्या शिबिरासाठी पालकांकडून जमा केलेले पैसे त्यांनी पाळकनिवासाच्या दुरुस्तीला वापरले. चार महिन्यांनी ते पूर्ण परत केले हे खरे, पण मधल्या काळात पालकांनी विचारले तेव्हा ‘तिथे बुकिंग मिळत नाही’ असे उत्तर दिले. तिसरी गोष्ट मला सर्वांत जड वाटते. एका कुटुंबाने आपल्या घरातली अडचण त्यांना विश्वासाने सांगितली आणि दोन महिन्यांत ती उपदेशातला दाखला होऊन पुलपिटावरून ऐकू आली. नाव घेतले नव्हते, पण आमची मंडळी लहान आहे. उपासनेनंतर पोहे खाताना सगळ्यांना ठाऊक होते की ते कुटुंब कोणते. ते कुटुंब आता येत नाही.

कमिटीत मी हे मांडले तेव्हा मिळालेली उत्तरे अशी: ‘परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नये.’ ‘पैसे परत आले ना? मग?’ ‘दोष काढणारे आपण कोण?’ आणि शेवटी, ‘असा उपदेशक पुन्हा मिळणार नाही.’

माझा प्रश्न असा आहे की उपदेशाची देवदत्त देणगी इतकी उघड दिसत असताना या गोष्टींना किती वजन द्यावे? मी त्यांना क्षमा केली आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते, पण त्यांनी उद्या काही सांगितले तर ते मी पडताळून पाहीन हेही तितकेच प्रामाणिकपणे वाटते. या दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात का, की माझी क्षमाच खोटी आहे?

---

नवलख्याचा जुना खजिनदार

छावणीकर भाऊ, सलाम.

मी एका मंडळीचे हिशेब अठरा वर्षे सांभाळले, त्यामुळे मी पैशापासूनच सुरुवात करणार. अध्यात्मापासून सुरुवात करणारे बरेच भेटतील.

‘पैसे परत आले ना’ हे वाक्य मी माझ्या काळात अनेकदा ऐकले आहे, आणि ते ऐकले की मला कापूस आणि धुराचा वास येतो. माझे वडील मिलमध्ये होते. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांना आपल्याच घामाच्या थकबाकीसाठी २०२३ संपेपर्यंत वाट पाहावी लागली. कित्येक जण ती पाहण्याआधीच गेले. आमच्या पिढीतल्या इंदूरकरांना ‘पैसे कुठे जात नाहीत, मिळतील’ या आश्वासनाची किंमत कोणी शिकवायला नको. परत आलेल्या पैशाचा प्रश्न संपतो, हे मान्य. पालकांना सांगितलेल्या ‘बुकिंग मिळत नाही’ या वाक्याचा प्रश्न मात्र चार महिन्यांनीही संपत नाही, कारण ते वाक्य परत करता येत नाही.

प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा काय केले ते बायबलमधल्या २ करिंथ ८ मध्ये सविस्तर आहे, आणि मला नेहमी वाटते की हा अध्याय खजिनदारांसाठीच लिहिलेला आहे. तो एकटा पैसे घेऊन निघाला नाही. आपला सहकारी तीत याला पाठवले, त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला आणि आणखी एक बंधू दिला. कारणही स्पष्ट लिहिले, की एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये. केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते करण्याची आपण काळजी घेतो, असे तो म्हणतो. त्याआधीच्या पत्रात तर तो करिंथकरांना सांगतो की पैसे नेणारी माणसे तुम्हीच पारखून निवडा. ज्या माणसाने मंडळ्या स्थापन केल्या त्याला ‘माझ्यावर विश्वास ठेवा, मी प्रेषित आहे’ असे म्हणता आले असते. त्याने तसे म्हटले नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो स्वतःच तपासणीची सोय करून देतो, ही खरी खूण आहे, आणि तुमच्या पाळकसाहेबांच्या बाबतीत तपासावयाची गोष्ट हीच आहे: तुम्ही विचारल्यावर ते वही पुढे करतात की भुवया उंचावतात?

आता हजेरीच्या आकड्याबद्दल. लोकांना ही किरकोळ बाब वाटते. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांचे तीन सहकारी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी बसले आणि फिरत्या सुवार्तिकांची नावे कशामुळे खराब होतात याची त्यांनी यादी केली. पैसा, स्त्रीपुरुष संबंधांतील बेशिस्त, स्थानिक मंडळ्यांना कमी लेखणे, हे त्यात होतेच. चौथा मुद्दा होता प्रसिद्धीत आणि गर्दीच्या आकड्यांत अतिशयोक्ती न करण्याचा. चार मुद्द्यांतला एक पूर्ण मुद्दा त्यांनी आकड्यांना दिला, कारण आकडा फुगवणारा माणूस इतरांच्या आधी स्वतःला फसवायला लागतो हे त्यांनी आपल्या व्यवसायात पाहिले असणार. पैशाबाबत त्यांनी फक्त निश्चय केला नाही. पुढे संस्था काढली, तिच्यावर संचालक मंडळ नेमले आणि सभेतल्या अर्पणावर जगण्याऐवजी ठरावीक पगार घ्यायला सुरुवात केली.

तुमच्या कमिटीसाठी माझ्या सूचना साध्या आहेत. अर्पणाची थैली उपासनेनंतर लगेच दोन असंबंधित कुटुंबांतल्या दोघांनी मोजावी आणि नोंदवहीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात. पैसे सोमवारी बँकेत जावेत. शिबिर, इमारत, गरिबांचा निधी यांची खाती वेगळी असावीत आणि एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम कमिटीच्या लेखी ठरावाशिवाय हलू नये. चेकवर पाळकाची एकट्याची सही चालू नये. मी तर म्हणतो, सहीच नसावी. त्यात त्यांचा अपमान नाही, त्यांचे संरक्षण आहे. माझ्या अठरा वर्षांत दोन पाळकांवर आळ आला आणि दोघांनाही वाचवले ते वहीतल्या सह्यांनी, त्यांच्या साधुत्वाच्या कीर्तीने नाही.

---

महूचा निवृत्त पाळक

प्रिय बंधू छावणीकर, खजिनदारसाहेब, सलाम.

पैशाचा विषय खजिनदारसाहेबांनी चांगला हाताळला आहे, म्हणून मी ‘अभिषिक्ता’पासून सुरू करतो, कारण हे वाक्य आमच्या पेशातल्या लोकांनी ढाल म्हणून इतके वापरले आहे की त्याची मला लाज वाटते. दावीद हे शब्द उच्चारतो ते १ शमुवेल २४ मध्ये, एन-गेदीच्या गुहेत त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल त्याच्या हाती सापडला असताना. तिथे प्रश्न शौलाला ठार मारण्याचा आहे. दावीद मारत नाही. पण त्याच अध्यायात, शौल गुहेबाहेर पडल्याबरोबर, तोच दावीद त्याच्या मागे बाहेर येतो, सर्वांसमक्ष त्याला हाक मारतो, कापलेला झग्याचा काठ दाखवतो आणि तू माझ्याशी अन्याय करतो आहेस, परमेश्वर तुझा-माझा न्याय करो, असे तोंडावर सांगतो. हात लावू नये याचा अर्थ प्रश्न विचारू नये असा काढणाऱ्याने पुढच्या पाच ओळी वाचलेल्या नसतात. उलट अभिषिक्ताने कसे वागावे हे पाहायचे तर १ शमुवेल १२ पाहावे. शमुवेल म्हातारा झाल्यावर सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला फसवले, कोणाकडून लाच घेतली? सांगा, मी परत करीन. निवृत्तीच्या दिवशी असा प्रश्न विचारण्याचे धाडस मला स्वतःला झाले नव्हते. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात तो बसलाही नसता.

‘देणगी की शील’ हा प्रश्न मंडळीला नवा नाही. सम्राट डायोक्लेशनच्या छळात, इ.स. ३०३ पासून, काही बिशप आणि पाळकांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेत वाद पेटला की अशा माणसांनी दिलेला बाप्तिस्मा आणि पाळकपदाच्या दिलेल्या दीक्षा खऱ्या मानायच्या का. डोनेटस पंथीय ‘नाही’ म्हणत होते. मंडळीने, आणि पुढे ऑगस्टीनने अधिक खोलात जाऊन, उत्तर दिले की संस्कार ख्रिस्ताचा आहे, पाळकाचा नाही. म्हणून पाळक पतित निघाला तरी तुमचा बाप्तिस्मा वाया जात नाही. हे उत्तर बरोबर होते आणि ते सामान्य विश्वासणाऱ्यांच्या दिलाशासाठी होते.

पण ३१४ साली आर्ल येथे भरलेल्या ज्या परिषदेने ही भूमिका घेतली, तिच्याच नियमांत लिहिले आहे की ज्याने शास्त्राच्या प्रती, पवित्र पात्रे किंवा बांधवांची नावे शत्रूच्या हवाली केली असे सरकारी कागदपत्रांवरून सिद्ध होईल, नुसत्या तोंडी आरोपावरून नव्हे, त्याला पाळकवर्गातून काढावे. त्याने ज्यांना दीक्षा दिली त्यांची दीक्षा मात्र राहावी. सोळाव्या शतकातल्या अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांतील २६ व्या कलमात हेच दुहेरी उत्तर पुन्हा येते: पाळकाच्या दुष्टपणाने संस्काराचा परिणाम नाहीसा होत नाही, तरीही अशा पाळकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना पदच्युत करावे. लोक अर्धे उत्तर लक्षात ठेवतात. ‘त्यांच्या उपदेशाने मला आशीर्वाद मिळाला’ हे खरे असते, आणि त्यावरून ते पदास योग्य आहेत हे सिद्ध होत नाही. देव बलामाच्या गाढवीच्या तोंडूनही बोलला, म्हणून कोणी तिला पाळक नेमले नाही.

१ तीमथ्य ३ मधली अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याच्या, गुणांची यादी उघडून बोट ठेवून वाचा. नेमस्त, सभ्य, अतिथिप्रिय, भांडखोर नसलेला, द्रव्यलोभी नसलेला, घर नीट चालवणारा, बाहेरच्या लोकांतही ज्याची साक्ष चांगली आहे असा. पूर्ण यादीत कौशल्य म्हणावे असे एकच आहे, ते म्हणजे शिकवण्याचे. बाकी सगळे स्वभाव आणि वर्तन. आपल्याकडे मुलाखतीत मात्र नेमके त्या एकाच बाबीची परीक्षा होते, आणि तीही वीस मिनिटांच्या उपदेशाने.

प्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते आणि लेखक रवी झकरायस यांचे नाव मी नाइलाजाने घेतो, कारण मी त्यांची पुस्तके तरुणांना वाटत असे. मे २०२० मध्ये ते गेले तेव्हा जगभर श्रद्धांजली वाहिली गेली. त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या फर्मचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला आणि त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन त्यात नोंदले गेले. त्याआधी त्यांच्या परिचयपत्रातल्या शैक्षणिक दाव्यांवर प्रश्न उठले होते आणि एका स्त्रीशी असलेल्या संपर्काची तक्रारही पुढे आली होती. दोन्ही वेळा संस्थेने त्यांचा शब्द प्रमाण मानला. तुमचे पाळकसाहेब त्या वाटेवर आहेत असे मी मुळीच म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. मी सांगतो ते संचालक मंडळाबद्दल: ज्याचे वक्तृत्व आपल्याला हवे असते त्याला प्रश्न विचारण्याची इच्छाच आपल्याला उरत नाही.

तुमच्या क्षमेच्या प्रश्नाला खजिनदारसाहेबांनी किंवा आणखी कोणी उत्तर दिले नाही तर मी पुन्हा लिहीन. आज डोळे थकले.

---

रविवारचा श्रोता

मी सर्वांचे वाचले, आणि मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

पाळकाचा पगार किती असतो हे इथे कोणी लिहिले नाही. पाळकनिवासाची दुरुस्ती त्यांनी शिबिराच्या पैशातून का केली, हेही कोणी विचारले नाही. माझा अनुभव असा की पाळकाच्या घराचे छत गळते तेव्हा कमिटी ‘पुढच्या सभेत पाहू’ म्हणते आणि पाळकाकडून मात्र १ तीमथ्य ३ ची प्रत्येक ओळ मोजून मागते. शीलाची अपेक्षा एकतर्फी असते का? ज्या कमिटीने चार महिने हिशेब पाहिला नाही तिचे शील कोणते? छावणीकर भाऊ, छत गळत होते का, हे आधी सांगा.

---

छावणीकर

श्रोतेभाऊ, तुमचा प्रश्न मला झोंबला आणि तो योग्य आहे. होय, गळत होते. मी काल जुनी कार्यवृत्ते काढून पाहिली. दुरुस्तीचा अर्ज दोन पावसाळे कमिटीपुढे पडून होता आणि प्रत्येक वेळी ‘निधी उपलब्ध होताच’ असा शेरा आहे. मुलांची अंथरुणे ओली होत होती असेही अर्जात लिहिलेले आहे. तेव्हा मी कमिटीवर नव्हतो, पण वार्षिक सभेला होतो आणि हात वर करून अहवाल मंजूर करणाऱ्यांत मीही होतो.

यामुळे पालकांना दिलेले उत्तर खरे ठरत नाही. पण माझ्या मसुद्यात आता कमिटीबद्दलही एक परिच्छेद येणार, हे नक्की.

---

शब्बाथशाळेची ताई

छावणीकर दादा, सलाम.

छताबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, बरे वाटले. पैशाची आणि आकड्यांची चर्चा इथे भरपूर झाली, पण जे कुटुंब येईनासे झाले त्याच्याबद्दल तिघांपैकी एकानेही एक ओळ लिहिलेली नाही. मला वाटते, तुम्ही तिन्हींत तीच गोष्ट सर्वांत जड म्हटली होती.

मी शाळेत शिकवते आणि मंडळीत पंधरा वर्षे मुलांचा वर्ग घेते. बायका पाळकांकडे जे बोलतात ते बहुधा दुसरीकडे कुठेच बोललेले नसते: नवऱ्याचे पिणे, मुलीचे बाहेर जमलेले, सासूचा आजार, कर्ज. हे बोलून झाल्यावर घरी जाताना प्रत्येकीच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो म्हणजे हे कुठवर जाईल. पैसा वळवला तर तो मोजून परत ठेवता येतो. सांगितलेले गुपित परत ठेवायला जागा नसते. आणि नुकसान त्या एका कुटुंबापुरते नाही. तो दाखला ऐकणाऱ्या प्रत्येक बाईने त्या रविवारी मनात ठरवले असेल की आपले आपल्याजवळच ठेवायचे. पाळकसाहेबांना कदाचित वर्षभर कळणारही नाही की त्यांच्याकडे आता कोणी खरे बोलत नाही. रोमन कॅथलिक मंडळीत पापनिवेदनाचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला सर्वांत कडक शिक्षा आहे, थेट बहिष्काराची. आपल्या मंडळ्यांत याबद्दल साधा लेखी नियम किती ठिकाणी आहे? निदान एवढे लिहून ठेवता येईल की कोणाचाही अनुभव, नाव बदलूनही, त्याच्या परवानगीशिवाय पुलपिटावर येणार नाही.

एक अपवाद मात्र इथेच नोंदवते, कारण गुप्ततेच्या नावाखाली भलतेच झाकले जाते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे कमिटीची सभा बोलावून ‘आपसात मिटवू’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

विश्वासावर शंका आली तर पुढाऱ्याने काय करावे याचे आपल्याच घरातले उदाहरण मला पंडिता रमाबाईंचे वाटते. १८९३ मध्ये पुण्याच्या शारदा सदनावर मुलींना ख्रिस्ती वळण लावल्याचा आरोप झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. रमाबाई बरोबर होत्या की सल्लागार, यावर आजही दोन मते असू शकतात आणि तो वाद मी इथे उघडत नाही. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. आपण प्रार्थना करतो आणि आपल्या खोलीचे दार उघडे असते, हे त्यांनी लपवले नाही. सल्लागार सोडून जातील, मुली काढून नेल्या जातील, हे दिसत असतानाही त्यांनी सोयीचे उत्तर दिले नाही. ‘बुकिंग मिळत नाही’ असे एखादे वाक्य त्यांनाही सापडले असते.

आणि क्षमेबद्दल. आपण इंदूरची माणसे आहोत, आपल्याला दूर जायला नको. सिस्टर राणी मारिया उदयनगरच्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्यासाठी झटत होत्या म्हणून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांची भोसकून हत्या झाली. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर आहेत, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली, आणि घरच्यांनी पुढे त्याच्या सुटकेसाठी शब्दही टाकला. तो २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना धन्य घोषित करण्याचा सोहळा झाला तेव्हा मी मैदानावर होते. यात एक गोष्ट नीट पाहा. राखी बांधली त्या दिवशी क्षमा पूर्ण होती, तिच्यात उधारी नव्हती. आणि त्या दिवशी तुरुंगाचा दरवाजा बंदच होता. क्षमेने शिक्षा आपोआप रद्द झाली नाही, आणि शिक्षा चालू होती म्हणून कोणी त्या बहिणीची क्षमा खोटी म्हटली नाही.

तुमच्या पाळकसाहेबांची गोष्ट याच्या पासंगालाही पुरणारी नाही, हे मला कळते. पण तुमचा प्रश्न होता की दोन्ही एका मनात राहू शकतात का. तिच्या मनात राहिली.

---

महूचा निवृत्त पाळक

ताईंनी माझे काम हलके केले. त्या कुटुंबाबद्दल मी लिहिले नाही हे खरे आहे आणि ते मला लागले. चाळीस वर्षे उपदेश करताना मीही असे दाखले दिले असतील, आणि कोण निघून गेले हे मला कधी कळले नसेल.

दोनच गोष्टी जोडतो. तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल सांगतो की दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून वडिलावरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप स्वीकारू नये, आणि लगेच पुढे, की जे पाप करीत राहतात त्यांचा दोष सर्वांसमक्ष पदरी घालावा. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की कुजबुज आणि झाकपाक दोन्ही बंद होतात. तुमच्याकडे हजेरीवही आहे, बँकेचे पासबुक आहे, पालक आहेत. पण पाळकसाहेबांशी समोरासमोर बसून यावर कोणी बोलले आहे का? तुमच्या लिखाणात मला ते कुठे दिसले नाही. मसुदा लिहिण्याआधी ते व्हायला हवे. दोघांनी जावे, जमावाने नाही, आणि छताचा अर्ज बरोबर न्यावा.

दुसरी गोष्ट येशूचा शिष्य पेत्र याची. अंगणातल्या कोळशाच्या शेकोटीपाशी त्याने येशूला तीनदा नाकारले, आणि योहान २१ मध्ये पुन्हा कोळशाच्या विस्तवापाशीच त्याला तीनदा विचारले गेले. मेंढरे त्याच्याकडे पुन्हा सोपवली गेली, पण प्रश्न टाळून नव्हे. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो दुःखी झाला असे शास्त्र सांगते. तुमचे पाळकसाहेब दुःखी झाले तर घाबरू नका. चिडले आणि तुम्हालाच देवाचा विरोधक ठरवू लागले, तर मात्र त्याची नोंद घ्या.

---

छावणीकर

सर्वांचे मनापासून आभार. काही दिवस इथे आलो नाही, कारण सांगण्यासारखे काही नव्हते.

आमच्या सेक्रेटरींना बरोबर घेऊन मी शनिवारी संध्याकाळी पाळकनिवासात गेलो. अर्ज नेला होता, तो आधी पुढे ठेवला आणि कमिटीच्या वतीने माफी मागितली. त्यानंतरचा अर्धा तास अवघड गेला. आकड्याबद्दल त्यांनी बराच वेळ सणांचेच कारण दिले आणि मग स्वतःच म्हणाले की वरच्या कार्यालयात लहान मंडळ्या एकत्र करण्याची भाषा चालू आहे, म्हणून घाबरून लिहिले. पालकांची माफी मागायला ते तयार आहेत. त्या कुटुंबाचा विषय काढला तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. आपण नाव घेतले नव्हते, हे त्यांनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले नाही. ते त्यांच्या घरी जातील की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

शिफारस आता पूर्ण मुदतीसाठी न करता एका वर्षासाठी करावी असे माझे मत झाले आहे. दुरुस्त केलेला हजेरीचा आकडा आणि शिबिराच्या खात्याचा हिशेब सोबत जोडायचा, आणि छताचा खर्च याच अंदाजपत्रकात मंजूर करायचा. कमिटीत हे टिकेल की नाही, सांगता येत नाही. दोघे जण आताच म्हणू लागले आहेत की मी पाळकसाहेबांना घरी जाऊन धमकावले. पहिल्या वाक्यात ‘विश्वासूपणे’ ऐवजी सध्या ‘परिश्रमपूर्वक’ लिहिले आहे, कारण त्याची ग्वाही मी देऊ शकतो.

खजिनदारकाका, दोन सह्यांच्या अर्पण नोंदवहीचे रकाने तुम्ही कसे आखत होता, ते इथे लिहाल का? छपाईवाल्याकडे सोमवारी जायचे आहे.

---

नवलख्याचा जुना खजिनदार

तारीख, उपासना, नोटा, नाणी, चेक, पाकिटातील नावाने आलेले दान, एकूण रक्कम अंकी, एकूण रक्कम अक्षरी, मोजणारा पहिला, मोजणारा दुसरा, बँकेत भरल्याची तारीख. पाने आधीच क्रमांक घालून छापून घ्या, म्हणजे मधले पान फाडले तर कळते. शेवटचा रकाना शेऱ्यासाठी रुंद ठेवा. आम्ही तो अरुंद ठेवला होता आणि अठरा वर्षे समासात लिहीत राहिलो.